शब्दाला शब्द

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या स्टुडिओत मालिकेचा सेट एवढाच: एक टेबल, दोन खुर्च्या, मुलाची माफी मागणारा बाप. बापाचं काम करणारा लॉर्न हल्ली संवाद विसरायचा. कळलं तर हाकलून देतील, या धास्तीने तो ओळींची चिठ्ठी टेबलावरच्या सुपाच्या रिकाम्या वाडग्यात चिकटवायचा. आज कुणा दीडशहाण्याने त्यात गरम सूप ओतलं. वाफ दिसायला हवी म्हणे! कॅमेरा सुरू झाला. सुपाखालची चिठ्ठी लॉर्नला दिसेना. समोरच्या नटाकडे बघत तो सुचेल ते बोलत सुटला: आपल्याच पोटच्या पोराला बर्फात घराबाहेर काढल्याचं, चाळीस वर्षं कुणालाच न सांगितलेलं. "कट! म्हातारबा, मैदान मारलंत की हो!" दिग्दर्शिका डोळे पुसत ओरडली. "लिहिलेलं गेलं खड्ड्यात. आता कॅमेरा दुसऱ्या बाजूने. शब्दाला शब्द हेच बोलायचं हं!" लॉर्नने घाबरून सगळ्यांकडे पाहिलं. ही माणसं रडताहेत कशाला, तेच त्याला आठवेना.