कोरी सायकल

घाटाच्या उतारावर शर्यतीत तो पडला, तेव्हा सायकलचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या मांडीच्या हाडाचेही. हाड जुळल्यावर संघाने नवी कोरी सायकल घरी पाठवली. ती त्याने खोलीतच स्टँडवर चढवली आणि समोर टीव्हीवर घाटाचे चढ-उतार लावून रोज जागच्या जागी घाम गाळू लागला. चाकाची घरघर ऐकली की बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन विचारायची,

"परत तसल्या उतारावर जायची भीती नाही वाटत रे तुला?"

"भीती ना? ती त्या दरीतच पडली. मी तेवढा वर आलो," तो हसून म्हणायचा.

उद्या तो सायकल पहिल्यांदाच रस्त्यावर काढणार होता. तो आंघोळीला गेला तशी ती गुपचूप खोलीत शिरली. निदान ब्रेक तरी नीट लागतात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. तिने हाताने पेडल फिरवून ब्रेक दाबला, तर नुसतीच करकर झाली. ती खाली वाकली.


एकदाही उंबरठा न ओलांडलेल्या त्या सायकलच्या ब्रेकची रबरं पार झिजून गेली होती.