तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, हे स्पीकर काहीएक लपवत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तातला चालेल, पण जोडी जमली पाहिजे."

मला तर तेच हवं होतं! लग्नाआधीचा बायकोच्या गाण्याचा कार्यक्रम मीच टेप केला होता, पहिल्या रांगेत, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन. "त्या दिवशी माझी पापणीसुद्धा लवली नाही," असं गेली बावीस वर्षं मी घरी येईल त्या पाहुण्याला सांगत आलोय.

पण नव्या स्पीकरवर कॅसेट लावली, तर गाण्यामागून बारीक घरघर यायला लागली. जुन्या स्पीकरवर ती कधी आलीच नव्हती. मी वायरी बदलल्या, एक अ‍ॅम्प्लिफायर परत केला, मग दुसराही केला. शेवटी मेव्हण्याने त्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेला साधासुधा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला, आणि काय सांगू, जोडी अशी जमली की बायकोने श्वास कुठे घेतला तेही कळायला लागलं! मी तर खुर्चीतून उडालोच. मेव्हण्याला मिठी मारली, आवाज आणखी वाढवला.

घरघरही आता लख्ख ऐकू येत होती. आधी एक लांबलचक ओढ, मग शेवटी नाजूकशी शिटी.

बायको पोट धरून हसत सुटली.


"अहो, हाच ठेवू या! तुम्ही अगदी माझ्या शेजारीच घोरताय असं वाटतंय."