सर्वेशला आवतण

प्रोग्राम यादीत नेमका तिच्याच घराशी येऊन आपटला, तेव्हा ऋता मनातल्या मनात चरफडली. ग्रामदेवतेच्या जत्रेचं आवतण गावाबाहेर गेलेल्या प्रत्येकाला मोबाइलवर धाडायचं, हे काम देवस्थान कमिटीने तिच्या गळ्यात घातलं होतं. अर्ध्या तोंडवली गावाची आवतणं सुखरूप गेली होती.

जावा या प्रोग्रामच्या भाषेत तिने सरळ साखळी लावली होती. घर, घरातला माणूस, त्याचा संपर्क, त्यातला नंबर. एका कडीतून पुढच्या कडीत शिरायचं. पण तिच्या भावाच्या, सर्वेशच्या नावापुढे संपर्कच नव्हता, नल होता, म्हणजे चक्क काहीच नाही. जे नाहीच त्याच्याकडे नंबर मागितला, की जावा जागच्या जागी आडवी होते. आणि घर सोडून गेलेल्या भावाने नवा नंबर तिलासुद्धा दिला नव्हता.

"काय झाला गो?" पडवीतून तिच्या वडिलांनी, भाईंनी विचारलं.

"सर्वेशाचो नंबर नाय, म्हणान अडला. आता आधी बघाक सांगतंय. संपर्क असलो तर नंबर घे, नसलो तर तेका सोडून फुडे जा."

"सोडून?" भाई आत आले. "म्हणजे तेका आवतान नाय?"

"धाडू खंय, भाई?"

भाई स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "नसलो तर माझो नंबर घे, असा सांग."

तेवढं जावाला सहज जमतं. 'नसेल तर' काय घ्यायचं, ते लिहून ठेवलं की झालं. ऋताने ते लिहिलं. भाई पडवीत जाऊन बसले. तिने प्रोग्राम चालू केला, आणि बाहेर लगेच त्यांचा मोबाइल वाजला. उरलेली नावं सरसर सरकली. उत्तरं यायला लागली. कोणी येणार होता, कोणाला रजा नव्हती.

मधेच सर्वेशच्या नावापुढे उमटलं, 'मी येतंय.'

भाऊ ऋताला इतका हवा होता, की तिथे नंबर कोणाचा घातलाय हे तिला क्षणभर आठवलंच नाही. ती धावत पडवीत आली. भाई चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते.

"भाई, ह्या तुमी लिवलात?"

भाईंनी मोबाइल खाली ठेवला.

"उत्तर इला नाय, तर फुडल्या वर्षाक यादीतसून गाळतलात तुमी कमिटीवाले तेका."