सात नंबरची सिरिंज

सात नंबरची सिरिंज त्याने हळूच उभी केली. आतला बुडबुडा संथपणे वर सरकला.

मग आठ नंबरची उभी केली. बुडबुडा जिथल्या तिथे. हलायचं नाव नाही.

सतरा वर्षं तो या प्रयोगशाळेत जेल बनवत होता. सगळे त्याला जेलवाले काका म्हणत, त्यामुळे नव्या शेजाऱ्यांना तो तुरुंगात नोकरीला आहे असंच वाटे. हे जेल हाडांसाठीचं. नुसतं असलं की लेचंपेचं. पण डोळ्यांना न दिसणारे मातीचे कण त्यात मिसळले की घट्ट धरायचं, हाडाच्या पेशींना पाय रोवायला जागा मिळायची आणि रिकाम्या जागी नवं हाड धरू लागायचं. मेंढ्यांवर जमलं होतं. आता माणसांची पाळी होती.

निम्म्या रुग्णांना मातीचं जेल, निम्म्यांना साधं. कोणाला कुठलं, हे डॉक्टरांनाही कळू द्यायचं नव्हतं. सिरिंजांवर फक्त नंबर, आणि ज्या क्रमाने ऑपरेशनं होतील त्या क्रमाने त्या वापरायच्या. दिसायला सगळ्या सारख्याच. साध्या जेलमध्ये बुडबुडा वर सरकतो, मातीच्या जेलमध्ये अडकून राहतो, ही खूण एकट्या त्यालाच ठाऊक होती.

उद्या दोन ऑपरेशनं होती. नऊ वाजता त्याच्या मुलीचं, म्हणजे तिला सात नंबर; बारा वाजता तिच्या शेजारच्या खाटेवरच्या शिलाईवालीचं, तिला आठ.

मुलगी शाळेत खेळ शिकवायची. ट्रकने स्कूटर उडवली तेव्हा नडगीचं तीन बोटं हाड रस्त्यावरच राहिलं. त्यानंतरची दोन ऑपरेशनं फुकट गेली. "हे शेवटचं," सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "आता नाही जुळलं, तर पाय ठेवता येणार नाही."

जेवणाची सुट्टी होती. शीतगृहात तो एकटाच होता. थंडीने लेबलांचा डिंक कडक झालेला. नख घातलं की लेबल अख्खं सुटत होतं. सातचं आठवर गेलं, आठचं सातवर.

संध्याकाळी तो वॉर्डात गेला.

"आज लवकर सुटलात जेलमधून!" शिलाईवाली खाटेवरून म्हणाली. हसताना तिचे ओठ सुकलेले दिसत होते. "काका, मला फार भीती वाटतेय हो. पाय गेला तर मशीन कशी चालवू? घरात दोन चिमुरड्या आहेत." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "कुठल्या नंबरात चांगलं औषध आहे, ते तुम्हाला तर कळत असेल?"

"ते कोणालाच कळत नाही," तो म्हणाला.

"बाबा, हिला धीर द्या ना जरा," मुलगी म्हणाली. "दुपारपासून पाण्याचा घोटही घेतला नाही हिने."

त्याने शिलाईवालीकडे न पाहता म्हटलं, "होईल सगळं नीट."

दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात जायला मनाई होती. जवळच्या माणसाचं ऑपरेशन असलं की प्रयोगशाळेतल्या कोणी तिकडे फिरकायचं नाही, असा नियमच होता. तीन वाजता त्याने फोन लावला. "दोन्ही छान झाली," नर्स म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला.

शिलाईवालीशी पुन्हा गाठ पडू नये याची मात्र तो काळजी घेऊ लागला. तिची तपासणीची तारीख असली की मुलीला दुसऱ्या दिवशी न्यायचा.

महिना गेला, तीन गेले. एक्स-रेत मुलीच्या नडगीतली फट काळीच्या काळी. चौथ्या महिन्यात ताप आला, जखम चिघळली. पाचव्यात सर्जनबाईंनी कागद पुढे केला आणि त्याने सही केली. गुडघ्याखालून पाय गेला.

मातीनेच दगा दिला, असं त्याने धरलं. तो कामावर जाईनासा झाला. सतरा वर्षं आपण चिखलच कालवत बसलो, असं भेटेल त्याला सांगू लागला.

मुलीला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तो तिच्या खाटेशी बसला होता. दारातून कोणीतरी भराभरा चालत आलं. काठी नाही, लंगडणं नाही. शिलाईवाली! तिने मुलीला मिठी मारली आणि हमसून हमसून रडू लागली.

तो ताडकन उठला. "तुमचा पाय..."

"जुळला हो, काका. महिना झाला मशीन चालवतेय." तिने पदराने डोळे पुसले. "ही होती म्हणून. त्या दिवशी सकाळी भीतीने मी निघूनच चालले होते. बारापर्यंत थांबायची ताकदच नव्हती. हिने सर्जनबाईंना गळ घातली आणि आपली नऊची वेळ मला दिली, स्वतः माझ्या जागी बाराला गेली. तुम्हाला बोलली नाही?"

"त्यात काय सांगायचं, बाबा?" मुलगी म्हणाली. "तीन तासांचा तर फरक."