डोक्यावरचा वारा

विमानाने धावपट्टीवरून नाक उचललं आणि डोक्यावरच्या झडपेतून येणारा गार वारा थांबला. वेर्णेकरांनी वर पाहिलं. चौतीस वर्षं हँगरमध्ये त्यांनी हीच वातानुकूलन यंत्रं दुरुस्त केली होती. उडताना एक इंजिन गेलं, की या जातीचं विमान प्रवाशांचा वारा आपोआप तोडतं आणि उरलेल्या इंजिनाची सगळी ताकद उडण्याला देतं. हे त्या विमानात पुढे बसलेला वैमानिक सोडला तर फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं त्यांना वाटलं.

"एसीसुद्धा धड नाही यांचा," म्हणत शेजारच्या गृहस्थांनी घंटीचं बटण दाबलं.

"अहो, वारा का थांबला?" शालनताईंनी विचारलं. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास, तोही नवऱ्याच्या हमीवर.

"वर थंडी असते ना, म्हणून बंद करतात," वेर्णेकर म्हणाले. इतकं अशास्त्रीय वाक्य ते आयुष्यात बोलले नव्हते.

"बरं," म्हणून शालनताईंनी त्यांचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

विमान रडतखडत चढलं. काही मिनिटांनी वारा पुन्हा आला आणि वैमानिकाने तांत्रिक कारणासाठी परत फिरत असल्याचं सांगितलं.

"बघा, तक्रार केल्याशिवाय इथे काही होत नाही," गृहस्थ म्हणाले.

चाकं जमिनीला टेकली, तेव्हा कुठे शालनताईंनी हात सोडला.

"कुठलं गेलं होतं? डावं की उजवं?"

"तुला कसं कळलं?" वेर्णेकरांनी विचारलं.

"चौतीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?"