जोडीची रॅकेट
नंदकुमारने रॅकेट डोक्यावर न्यायचा प्रयत्न केला, पण हात खांद्यापाशी येऊन अडला. त्याने दात आवळून पुन्हा जोर लावला. हात बोटभरही वर सरकला नाही.

दुकानदार गुरबचनसिंगांनी नजर वळवली आणि शटलचे डबे उगाच इकडचे तिकडे केले. रागिणी मात्र नवऱ्याकडेच बघत होती.

स्क्वाड्रन लीडर नंदकुमार खानविलकर चंदिगडला बदलून आला, तेव्हापासून हवाई दलाच्या मेसमध्ये त्याच्या बॅडमिंटनच्या स्मॅशचा दरारा होता. तो मागून उडी घेऊन शटल असं हाणायचा की समोरचे रॅकेट तोंडापुढे धरायचे. रागिणी पुढे जाळीपाशी उभी राहायची आणि उरलंसुरलं परतवायची. मिश्र दुहेरीत सगळ्याच जोड्या तशा खेळत. नवरा मागे, बायको पुढे. मेसची वार्षिक स्पर्धा ही दोघं लागोपाठ दोनदा जिंकली होती.

मग पावसाळ्यात स्कूटरसमोर कुत्रं आडवं आलं आणि नंदकुमारच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी व्यायाम शिकवले आणि हेही सांगितलं, की हात आता याहून फार वर जायचा नाही.

तेव्हापासून तो कोर्टाकडे फिरकला नव्हता. संध्याकाळी मित्र हाका मारायचे, तेव्हा हा खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचा. त्याची लाकडी रॅकेट माळ्यावर पडून पडून वाकडी झाली. रागिणीने आज त्याला जवळजवळ ओढतच सेक्टर सतराच्या बाजारात आणलं होतं. निघताना त्याने बजावलं होतं, की नवी रॅकेट पेलली तर ठीक, नाहीतर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

दुकानात शिरताच त्याने सगळ्यात महागडी रॅकेट मागितली. विलायती, पोलादी दांड्याची. खेळासाठी म्हणून बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्या एकीतच गेले असते. चांगली रॅकेट हातात आली की हात आपोआप वर जाईल, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. तो गेला नाही. त्याने रॅकेट काउंटरवर ठेवली आणि रागिणीला म्हणाला, चल.

गुरबचनसिंगांनी त्याला थांबवलं. साहेब खेळतात कसं, असं त्यांनी विचारलं. आपण स्मॅश मारतो, असं नंदकुमार म्हणाला आणि लगेच दुरुस्ती केली, मारायचो. सरदारजींनी जालंधरला बनलेल्या दोन साध्या रॅकेट काढल्या. एक हलकी, बायका सहसा नेतात तशी. दुसरी डोक्याकडे जड. बाहेर मोकळं आहे, ऊन आहे, वारा नाही, जरा हात चालवून बघा, असं म्हणून त्यांनी एक शटलही दिलं.

नंदकुमारने हलकी रॅकेट नाइलाजाने उचलली. जड रॅकेट राहिली, ती रागिणीने घेतली.

चौकात हिवाळ्यातलं कोवळं ऊन पसरलं होतं. बाकांवर लोक स्वेटर विणत, शेंगा सोलत बसले होते. चारचौघांत असं खेळायची नंदकुमारला लाज वाटत होती. रागिणीने शटल हलकेच त्याच्याकडे टोलवलं. त्याने हात कमरेशीच ठेवून नुसतं मनगट वळवलं. शटल जेमतेम पुढे गेलं आणि रागिणीच्या बरंच अलीकडे पडलं. ती धावली, पण पोचली नाही. तिने पुन्हा टोलवलं. या वेळी त्याने डावीकडे दाखवून उजवीकडे सोडलं. बाकावरचे एक आजोबा मोठ्याने हसले. रागिणी दोन्हीकडे धावत होती आणि नंदकुमार जागचा हलतही नव्हता. खांद्याची त्याला आठवणही राहिली नाही. किती महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं मिस्कील हसू आलं.

मग तिला थोडं दमवावं म्हणून त्याने शटल खालून उंच उडवलं.

रागिणी दोन पावलं मागे गेली. तिने पदर कमरेला खोचला, डोळे शटलवर ठेवले आणि हात पूर्ण मागे नेला. क्षणात शटल नंदकुमारच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि दुकानापुढच्या खांबावर आदळलं.

नंदकुमार वळून खांबाकडे बघत राहिला. मग त्याने शटल उचललं. दोन पिसं तुटली होती. ती कुरवाळत तो दुकानात परतला. रागिणी धापा टाकत मागोमाग आली. दमणुकीने तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर जी, कौनसा पॅक करूं?" गुरबचनसिंगांनी विचारलं.

नंदकुमारने दोन्ही जालंधरी रॅकेट शेजारी शेजारी ठेवल्या. "हलकी माझी," तो म्हणाला, "आणि जड हिची." दोन्ही मिळूनही विलायतीपेक्षा स्वस्त पडत होत्या, वर शटलचा एक डबा येत होता.

गुरबचनसिंग कागद काढू लागले. नंदकुमार बायकोकडे वळला. काय विचारायचं ते त्याला ठाऊक होतं, पण शब्द जरा अडखळले.

"स्पर्धेत मी जाळीपाशी उभा राहीन म्हणतो. मागची बाजू तुला सांभाळता येईल का?"

रागिणीने कमरेचा पदर सोडला आणि नीट खांद्यावर घेतला.

"कॉलेजात मी मागेच खेळायचे," ती हसत म्हणाली. "पुढे उभी राहायला लागले, ती तुमच्याशी लग्न झाल्यावर."