जाळीचं घर

अण्णाजींनी जाळीच्या भोकात एक बोट घातलं. ते गेलं. दुसरं गेलं नाही.

"पंजा निघन बाहेर, पण डोकं नाई निघत," ते म्हणाले. "ठोक आता."

तानबा सुताराने जाळी बाभळीच्या खांबावर ताणून धरली आणि खिळा ठोकला. गोठ्याच्या भिंतीला लागून तीन बाजूंनी जाळी, वर छपराला जुनी कवेलू, असं ते मांजरींचं घर सकाळपासून उभं राहत होतं. संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं. अण्णाजींची सून नलू आज गिरडजवळच्या माहेराहून येणार होती, सव्वा महिन्याच्या मुलाला घेऊन. तिचा नवरा रूपराव काल दमणी जुंपून त्यांना आणायला गेला होता.

तीन मांजरी नलूच्याच होत्या. लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती, त्या वर्षांत तिने त्या पाळल्या. रात्री तिच्या पायथ्याशी निजायच्या. आता घरात तान्हं बाळ येणार म्हटल्यावर सुईणीने सांगितलं होतं, मांजर लेकराच्या तोंडाशी जाऊन बसते, बाळाचा श्वास कोंडते. अण्णाजींच्या बायकोने, आनंदाबाईने, ते मनावर घेतलं. पोत्यात घालून वेणा नदीच्या पलीकडे सोडून द्या म्हणाली. पण बाळंतपणाला जाताना नलू सासऱ्यांशी एवढंच बोलली होती, "मामाजी, मांजरी कोठी सोडू नोका."

मग हा मार्ग निघाला होता. आनंदाबाईने कोंबड्यांचं जुनं खुराडं दाखवलं. अण्णाजी त्याच्यासमोर बसून राहिले आणि म्हणाले, "यात तं वळताबी येत नाई त्याईले." तुराट्यांचा विणलेला ताटवा तानबाला सोपा वाटत होता, पण तो मांजरी चढून गेल्या असत्या. बुरडाच्या बांबूच्या कमट्यांत नख अडकायची भीती. शेवटी अण्णाजी स्वतः हिंगणघाटला गेले आणि कापसाच्या जिनाच्या भंगारात पडलेली तारेची जाळी शोधून, गुंडाळी करून बैलगाडीतून घेऊन आले.

"दार केवढं ठेवू?" तानबाने विचारलं. "मांजरीले वीतभर बस झालं."

"वीतभर काऊन? सूनबाईले आत जा लागन. तिच्या मापाचं कर."

तानबा हसला, पण त्याने मोठं दार केलं. अण्णाजींनी आत नखं घासायला एक ओंडका टाकला आणि पाण्याला मातीचं परळ ठेवलं. दुपारनंतर आनंदाबाई घरातून आली. दिवसभर ती या कामाकडे पाठ फिरवून होती. हातातला गोधडीचा तुकडा तिने ओंडक्याजवळ अंथरला.

"हिवाळा येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि लगेच आत निघून गेली.

मांजरी धरायला वेळ लागला. दोघी दुधाला आल्या. तिसरी, सगळ्यांत म्हातारी, नलूच्या खोलीतून निघेना. अण्णाजींनी तिला पाळण्याखालून ओढून काढली. तिने हातावर ओरखडा काढला, तरी ते रागावले नाहीत. तिला आत सोडून त्यांनी कोयंडा लावला. तिघी जाळीला लागून फिरू लागल्या, ओरडू लागल्या.

"होईन सवय," अण्णाजी त्यांना म्हणाले. "घरच्याच आहा तुमी."

तानबा हत्यारं गोळा करत होता तेव्हा दमणीचे घुंगरू ऐकू आले. आनंदाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावतच दाराशी आली. बाळावरून ओवाळून टाकायचा होता. दमणी अंगणात थांबली. रूपराव उतरला, पण त्याने वर पाहिलं नाही. बैलांचं जू सोडत बसला.

मग नलू उतरली. तिच्या हातात काही नव्हतं.

आनंदाबाईचा हात भाकरीच्या तुकड्यासकट वर उचललेला तसाच राहिला.

"काल सांजीले ताप आला," रूपराव बैलांकडेच बघत म्हणाला. "अंग लाल झालं. वैद्य येऊन गेला. पाहाटे गेलं. सकाळी मूठमाती देऊन आलो. मी हिले राह्य म्हनलं, हे राह्यत नाई तिथी."

आनंदाबाई दारातच खाली बसली. तांब्या कलंडला, पाणी उंबऱ्यावरून वाहिलं. तानबा हत्यारांची पिशवी न उचलताच उभा राहिला.

नलू कोणाजवळ गेली नाही. लुगडं छातीशी दुधाने भिजलं होतं, ते तिने पदराने झाकलं. तिने अंगणात, ओट्यावर, खिडकीत पाहिलं.

"मांजरी कोठी हायत?"

गोठ्याच्या बाजूने ओरडणं येतच होतं. ती तिकडे गेली. नव्या जाळीसमोर उभी राहिली. खांब पाहिले, कवेलू पाहिली, आतली गोधडी पाहिली.

"कायले कोंडल्या?"

अण्णाजींनी मान वळवून पाळण्याच्या खोलीकडे पाहिलं. तिला ते कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. तिने जाळीत एक बोट घातलं. म्हातारी मांजर आली आणि ते चाटू लागली.

अण्णाजी लगबगीने पुढे झाले. नवा कोयंडा निघेना. "खोलून देतो, बाई," ते म्हणाले. "आता कायले पाह्यजे हे. आताच खोलतो."

कोयंडा निघाला. दार वीतभर उघडलं.

नलूने दुसऱ्या हाताने ते लोटलं.

"राहू द्या, मामाजी," ती म्हणाली. "आत असल्या तं जित्त्या तं राह्यतीन."